सोमवारची वही: हाय-ए बेसबॉलच्या एका मोसमाच्या नोंदी

३१ मार्च २०२५, सोमवार

मायनर लीगला, म्हणजे अमेरिकी बेसबॉलमधल्या मेजर लीगखालच्या पायऱ्यांना, सोमवारी सुट्टी. मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सहा सामने, सोमवारी बस पकडून पुढचं गाव. म्हणून या नोंदीही सोमवारीच लिहायच्या. बाकीचे दिवस ऑफिस, लेकीचा क्लास आणि पोळ्या आहेतच.

प्रकल्प असा. टोरंटो ब्लू जेजच्या खालच्या संघांतले चौदा होतकरू खेळाडू निवडायचे आणि मोसमभर त्यांच्या मागावर राहायचं. कोण किती धावला एवढंच टिपायचं नाही. कोण कुठल्या पायरीवर आहे, तिथे कधी आला, कधी गेला, आणि तिथल्या सरासरी वयापेक्षा किती लहान किंवा थोराड आहे, हेही लिहायचं.

घरी फोनवर बाबांना या पायऱ्या समजावून सांगितल्या, त्या इथेही लिहून ठेवते. मेजर लीगच्या तीसही संघांचे खाली चार-चार संघ: ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए. एकूण १२०. त्याच्याही खाली फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अगदी पोरसवदा मुलांच्या लीग. आमचे व्हँकुव्हर कॅनेडियन्स हाय-एचे, म्हणजे शिडीच्या बरोबर मधल्या पायरीचे. १२० पैकी कॅनडात असलेला हा एकमेव संघ.

बाबा म्हणाले, "म्हणजे रणजी?"

रणजीच्या खालचं, म्हटलं. रणजी म्हणजे ट्रिपल-ए. तुमच्या सांगली जिल्ह्याच्या संघाच्या जरा वर.

"मग तिथे बघण्यासारखं काय असतं?" असं त्यांनी विचारलं. चाळीस वर्षं जिल्ह्याच्या सामन्यांचं स्कोअरिंग केलेल्या माणसानं! मी काही बोलले नाही.

यादीत वरच्या बाजूला दोन नावं आहेत. अर्जुन निम्मला, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), २०२३च्या ड्राफ्टमधली, म्हणजे संघ पाळीपाळीने, फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्यातली, विसावी निवड. ट्रे येसाव्हेज, पिचर (चेंडू टाकणारा), २०२४च्या ड्राफ्टमधली विसावी निवड. दोन लागोपाठची वर्षं, दोघांचा नंबर एकच. निम्मला इथे व्हँकुव्हरला येणार असं धरून चालले आहे. येसाव्हेज फ्लोरिडात डनेडिनला, सिंगल-एला सुरुवात करणार. तळाशी गेज स्टॅनिफर, २०२२ची एकोणिसावी फेरी. एकोणिसाव्या फेरीतल्या मुलाला यादीत का घेतलं, असं लेक विचारते. तळाशी कुणीतरी हवंच की.

१४ एप्रिल, सोमवार

मोसमातला पहिला सामना पाहून झाला. नॅट बेली स्टेडियम १९५१चं, लिटल माउंटनच्या पायथ्याशी. सगळे त्याला नुसतं 'नॅट' म्हणतात. ज्यांचं नाव दिलंय ते बेली म्हणजे इथल्या व्हाइट स्पॉट उपाहारगृहांचे संस्थापक. इथे तीन फुटी हॉट डॉग मिळतो आणि मध्येच सुशीचे पोशाख घातलेले तिघे मैदानात शर्यत लावतात. त्या शर्यतीचाही हिशेब ठेव, असा लेकीचा आग्रह आहे. ठेवणार नाही.

थंडी अशी की पेन्सिल बोटांत ठरेना. स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर रेनकोट. एप्रिलमधल्या ओल्या हवेत इथे चेंडू उडतच नाही. बॅटला नीट लागलेला वाटतो आणि कुंपणाच्या अलीकडे निमूट झेल जातो. त्यामुळे एप्रिलच्या आकड्यांवर या शहरात कुणाचंही भविष्य सांगू नये.

वही मात्र मनासारखी चालली. बेसबॉलच्या स्कोअरबुकात प्रत्येक फलंदाजाच्या प्रत्येक पाळीला एक चौकट, चौकटीत एक बारकासा हिरा. माणूस पहिल्या बेसवर पोचला की हिऱ्याची एक बाजू काढायची, चारही बाजू जुळल्या की धाव. क्षेत्ररक्षकांना नावं नसतात, आकडे असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला गेला आणि दोघे बाद झाले, की चौकटीत ६-४-३. तीन आकडे लिहिले की सगळा प्रसंग आला. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद झाला, की के. न मारता नुसता बघत उभा राहून बाद झाला तर तोच के उलटा.

बाबांना पानाचा फोटो पाठवला. त्यांचा पहिला प्रश्न, "उलटा के? हे कुणाचं डोकं?" दुसरा प्रश्न, "सिली पॉइंटला कितवा नंबर?"

शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा बसतात. त्यांचा सीझन पास आहे. त्यांच्याकडे लाल-निळी दुतोंडी पेन्सिल, आपल्याकडे पूर्वी शिक्षकांच्या खिशात असायची तशी. माझ्या वहीत डोकावून त्यांनी एक चूक दाखवली: दोन बाद असताना मी त्याग-फटका (स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढे सरकवणारा) लिहून बसले होते, तिसऱ्या बादाला तर डावच संपतो. काही न बोलता फक्त पेन्सिलीचं टोक त्या चौकटीवर ठेवलं. बाबाही असंच करायचे.

२८ एप्रिल, सोमवार

निम्मलाची बॅट तळपते आहे. बाबांनाही आता नाव पाठ झालं. आई-वडील आंध्रचे, पोरगा फ्लोरिडात टॅम्पाच्या बाजूला वाढला. वय १९. या लीगमध्ये बहुतेक मुलं बाविशीच्या आसपासची, कॉलेजात तीन-तीन वर्षं खेळून आलेली. माझ्या वयाच्या रकान्यात त्याच्या नावापुढे उणे ३ आहे. अख्ख्या यादीत एवढा मोठा उणे आकडा दुसरा नाही.

या रकान्याबद्दल जरा लिहायलाच हवं, कारण सगळा प्रकल्प त्यावर उभा आहे. बावीस वर्षांच्या मुलानं हाय-एमध्ये .२७० (फलंदाजीची सरासरी, हजारात २७० यशस्वी फटके) मारलं तर ते त्याच्याकडून अपेक्षितच आहे. तेच एकोणीस वर्षांच्या पोरानं मारलं तर वेगळी गोष्ट. दहावीच्या मुलाला बारावीच्या पेपरला बसवून ५५ मिळाले, तर आपण नापास-पास बघत बसत नाही. बेसबॉलच्या आकड्यांत मात्र वय बाजूलाच राहतं, सरासरी तेवढी ठळक छापली जाते.

दुसरी अडचण माहितीची. प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी, बॅटवरून सुटल्याचा वेग आणि कोन हे सगळं मोजणारी स्टॅटकास्ट यंत्रणा मेजर लीगमध्ये आहे आणि तिचे आकडे कुणालाही बघता येतात. ट्रिपल-एचेही दिसतात. सिंगल-एमध्ये फक्त फ्लोरिडा स्टेट लीगचे दिसतात. म्हणजे निम्मला गेल्या वर्षी डनेडिनला होता तेव्हा त्याच्या प्रत्येक फटक्याचा वेग घरबसल्या कळत होता. तो एक पायरी वर आला आणि दिवे गेले. इथे जे काही मोजतात ते संघाच्या संगणकात राहतं. आपल्यासाठी डोळे आणि वही.

मला हे बरंच वाटतं, उगाच तक्रार कशाला. सगळं दिसत असतं तर मी पावसात कशाला गेले असते?

५ मे, सोमवार

छोटी नोंद. ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याने विचारलं, "आपला रिंकू सिंग पण बेसबॉल खेळला होता ना?" हो, पण पाच षटकार मारणारा तो रिंकू वेगळा. हा उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडचा, भालाफेक करणारा डावखुरा. २००८ साली 'मिलियन डॉलर आर्म' नावाच्या स्पर्धेत चेंडू जोरात फेकून एक लाख डॉलर जिंकला. त्या वर्षाच्या शेवटी पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला आणि दिनेश पटेलला करारबद्ध केलं. स्पर्धेआधी दोघांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता. दिनेश २०१०च्या अखेरीला मोकळा झाला. रिंकू पुढच्या वर्षी सिंगल-एपर्यंत पोचला, नंतर दुखापतींनी गाठलं. पुढे काही वर्षं कुस्तीच्या शोमध्ये दिसला.

लोक हा किस्सा गमतीने सांगतात. सिंगल-एची पायरी चढायला त्याला तीन वर्षं लागली, ती चढला, हे कुणी सांगत नाही.

२६ मे, सोमवार

येसाव्हेज वर आला. डनेडिनहून व्हँकुव्हर. उंचपुरा, आणि हात अगदी डोक्यावरून आणतो, चेंडू झाडावरून सुटल्यासारखा खाली येतो. त्यात स्प्लिटर टाकतो, म्हणजे सरळ येतोय म्हणता म्हणता बसणारा चेंडू. निम्मला आणि तो आता एकाच संघात. माझ्या यादीतल्या दोन्ही विसाव्या निवडी एका मैदानावर!

स्टॅनिफरही वर आला आहे. तळाचा मुलगा. लेकीला सांगितलं, ती म्हणाली, "मी म्हटलंच होतं." काहीही म्हटलं नव्हतं.

संगणकावरच्या पत्रकात मात्र गोंधळ. रात्री चालणारी माझी स्क्रिप्ट संघाच्या नावावरून खेळाडू शोधते. येसाव्हेज दोन संघांत आला म्हणून त्याच्या दोन ओळी झाल्या आणि वयाचा रकाना दोनदा मोजला गेला. वेळ मिळाला की बघते.

१६ जून, सोमवार

वेळ मिळाला, पण उशिरा.

येसाव्हेज गेला. न्यू हॅम्पशायरला, डबल-एला. इथे जेमतेम महिनाभर होता. मी पुढच्या घरच्या मालिकेतलं तिकीट त्याची पाळी मोजून काढलं होतं: आठवड्यातून एकदा, वार जुळत होता. तिकीट आलं आणि माणूस गेला. तीन हजार मैल पूर्वेला.

स्क्रिप्ट दुरुस्त करायला बसले तेव्हा चूक नुसती तांत्रिक नाही हे लक्षात आलं. संघाच्या नावावरून शोधल्यामुळे जो वर जाईल तो पत्रकातून गळतो. जो इथेच राहतो तोच दिसत राहतो. म्हणजे महिन्याच्या शेवटी माझ्या पत्रकात उरतात ती न गेलेली मुलं, आणि त्यांची सरासरी बघून मी मान हलवते की यंदा पीक बेताचंच आहे! सगळं उत्तम धान्य बाजारात पाठवून कणगीत तळाशी राहिलेल्याची प्रत ठरवण्यासारखं झालं.

एका मैदानावर बसून बघणाऱ्याचंही तेच होतं. आजोबांना विचारलं की इतक्या वर्षांत सगळ्यात चांगला कोण पाहिला. ते म्हणाले, चांगले इथे जास्त दिवस थांबत नाहीत, म्हणून मला लक्षात राहिलेले सगळे मधलेच आहेत.

दुरुस्ती अशी: आता संघ नाही, प्रत्येक खेळाडूचा कायमचा क्रमांक धरून शोधते. तो कुठेही गेला तरी बदलत नाही. पायरीसाठी मेजर लीगच्या आकडेवारीच्या सर्व्हरचाच संकेत वापरला आहे: १४ म्हणजे सिंगल-ए, १३ हाय-ए, १२ डबल-ए, ११ ट्रिपल-ए, आणि मेजर लीग म्हणजे १. अकरावरून थेट एकवर उडी. मधले आकडे दुसऱ्या कशाला दिलेले असतील, पण बघायला छान वाटतं.

७ जुलै, सोमवार

निम्मला थंडावला आहे. चेंडू लागतो पण मोकळ्या जागी पडत नाही, आणि एप्रिल-मेमधला जोर दिसत नाही. सरासरी आठवड्याला थोडी थोडी झिजते आहे. बाबांचं मत, "पोरगं दमलंय." असेलही. १३२ सामने, आठवड्यात सहा, मध्ये बसचे प्रवास. अमेरिकेतल्या स्पोकेनचा पल्ला साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, शिवाय प्रत्येक वेळी सीमेवर पासपोर्ट. करोनात सीमा बंद होती तेव्हा २०२१चा मोसम या संघाला ओरेगनमधल्या हिल्सबरोत काढावा लागला होता, घरचे सामनेसुद्धा.

पैशाची गोष्ट आज लेकीने काढली. हे लोक श्रीमंत असतात का, असं तिने विचारलं. काही असतात. निम्मलाला सही करताना ३० लाख डॉलर मिळाले. पण पगार म्हणाल तर हाय-एचा वर्षाचा २७,३०० डॉलर, आणि तोही २०२३मध्ये खेळाडूंच्या संघटनेने पहिला करार केला म्हणून. त्याआधी ११,०००. राहायची सोय संघाने करायची हा नियम २०२२पासून. तोवर एका खोलीत चार-पाच मुलं, जमिनीवर गाद्या. मेजर लीगमधला किमान पगार यंदा ७,६०,००० आहे. शिडीचं शेवटचं पाऊल किती उंच आहे ते यावरून कळावं.

एक प्रसंग लिहून ठेवायचा आहे. होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) मागे पाहुण्या संघाचा एक पिचर साध्या टी-शर्टमध्ये बसला होता. ज्याची उद्या पाळी असते त्याला आज मागे बसून प्रत्येक चेंडू टिपायचं काम असतं. आम्ही बरोबर त्याच्या मागच्या रांगेत. त्याच्या मांडीवर कागद, कागदावर छोटे चौकोन, चौकोनात चेंडू कुठे पडला त्याचा ठिपका, शेजारी चेंडूच्या प्रकाराचा आकडा. लेक त्याच्या खांद्यावरून बघत होती. चौथ्या इनिंगमध्ये तो सूर्यफुलाच्या बिया फोडता फोडता मान वळवून तिला म्हणाला, "आत्ताचा कर्व्ह होता की स्लायडर?" तिने स्लायडर सांगितलं. त्याने कागदावर आधी लिहिलेलं खोडलं आणि तिचं लिहिलं.

खरं काय होतं कोण जाणे. माझ्या वहीत प्रकाराचा रकानाच नाही. पण घरी येताना गाडीत ती एक अक्षर बोलली नाही, नुसती खिडकीबाहेर बघत हसत होती.

१४ जुलै, सोमवार

ड्राफ्ट. ब्लू जेज गेल्या वर्षी आपल्या विभागात तळाला होते, त्यामुळे यंदा आठवी निवड मिळाली. घेतला कोण? जोजो पार्कर, मिसिसिपीतला शाळकरी शॉर्टस्टॉप. आमच्या निम्मलाचीच जागा. यात त्याच्यावर राग वगैरे नसतो, संघ जो उत्तम वाटेल तो उचलतात. तरी सहा नंबरच्या चौकटीकडे बघून जरा चुकचुकलं.

ड्राफ्ट आता वीस फेऱ्यांचा. २०१९पर्यंत चाळीस होत्या. हे मुद्दाम लिहिते, कारण सध्या टोरंटोच्या मुख्य संघात डेव्हिस श्नायडर आहे. २०१७ची अठ्ठाविसावी फेरी, एकूण ८४९वा नंबर. आज ती फेरीच अस्तित्वात नाही. २०२२मध्ये तो इथे नॅटवर खेळत होता, पुढच्या वर्षी मेजर लीगमधल्या पहिल्याच पाळीत होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार. आजोबा म्हणतात, मला तो आठवतो. मग जरा थांबून, खरं सांगायचं तर मिशी आठवते.

४ ऑगस्ट, सोमवार

बीसी डेची, आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवसाची सुट्टी. सगळं शहर किनाऱ्यावर, मी पत्रकाशी.

३१ जुलैला संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपली. यादीतला खाल स्टीफन क्लीव्हलँडला गेला. २०२४ची दुसरी फेरी, मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा पिचर. मोसमात डनेडिन, मग इथे, मग न्यू हॅम्पशायर असा शिस्तीत चढत होता. माझ्या वहीत त्याच्या पानांवर वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला बेस) शोधावे लागतात, इतका नेमका. त्याच्या बदल्यात टोरंटोने घेतला शेन बीबर, सगळ्यांनी नावाजलेला पिचर, पण कोपराच्या शस्त्रक्रियेतून उठणारा आणि यंदा मेजर लीगमध्ये एकही चेंडू न टाकलेला.

मला हा सौदा पटला नाही. लिहून ठेवते, म्हणजे नंतर फिरवता येणार नाही: निरोगी, वर चढणारा मुलगा देऊन दुखऱ्या कोपराचा माणूस घेतला.

होतकरू खेळाडू म्हणजे एका अर्थी संघाची तिजोरीतली नाणी. आपण त्यांच्यावर माया करत बसतो, वरचे लोक त्यांनी खरेदी करतात. त्याच आठवड्यात आणखी दोघे-तिघे असेच खर्ची पडले. लेकीने विचारलं, स्टीफनला यादीतून काढायचा का? यादी ब्लू जेजची आहे. पण क्रमांक तोच राहतो, म्हणजे स्क्रिप्ट त्याला शोधणारच. ठेवला.

१८ ऑगस्ट, सोमवार

येसाव्हेज ट्रिपल-एला, बफलोला. एप्रिलपासून चौथा संघ. पत्रकात १४, १३, १२, ११ सरळ रेषेत.

निम्मला तिथेच. बाकी विशेष नाही. ऊन चांगलं होतं.

८ सप्टेंबर, सोमवार

हाय-एचा मोसम काल संपला. निम्मला .२२४, होमरन १३.

बाबांना आकडा सांगितला तर ते गप्प. मग म्हणाले, "नापास?"

इथे मी जरा वाद घातला. गेल्या वर्षी हाच मुलगा डनेडिनमध्ये सुरुवातीला .२००च्या खाली होता. संघाने त्याला मधूनच खालच्या संकुलात नेऊन तंत्रावर काम करून घेतलं, परत आला आणि उरलेल्या मोसमात होमरनचा धडाका लावला. पण तेव्हा तो फार वेळा स्ट्राइकआउट व्हायचा, ढोबळ मानाने दहातून तीनदा. यंदा पायरी वर, पिचर तयारीचे, आणि तरी हे प्रमाण बरंच खाली आलं आहे. माझ्या चौकटींत के कमी आहेत, ६-३ आणि एफ-८ (मधल्या क्षेत्ररक्षकाकडे झेल) जास्त. म्हणजे चेंडू दिसतोय, बॅटला लागतोय, हवा तसा लागत नाहीये. चेंडूला बॅट लावायला शिकवणंच अवघड असतं असं म्हणतात. आणि पुढच्या महिन्यात तो २० पूर्ण करेल, अजूनही या लीगच्या सरासरीहून लहान.

"म्हणजे तुझं म्हणणं पास," बाबा म्हणाले.

माझं म्हणणं पेपर वरच्या वर्गाचा होता.

मग त्यांनी अमोल मुझुमदारचा विषय काढला, तो ते कधी ना कधी काढतातच. रणजी पदार्पणात फरिदाबादला २६०, तेव्हाचा जागतिक विक्रम. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा. भारताकडून एकही सामना नाही. शाळेत असताना आझाद मैदानावर सचिन आणि कांबळी ६६४ची भागी करत होते आणि हा पॅड बांधून बसून राहिला, ती गोष्ट बाबांनी मला किमान पन्नास वेळा सांगितली असेल. त्यांना त्याच्या सगळ्या मोसमांच्या धावा तोंडपाठ आहेत. "त्याला वय, पायरी, सगळं होतं," म्हणाले, "वरची जागा रिकामी नव्हती. तुझ्या तक्त्यात त्याचा रकाना आहे का?"

नव्हता. आता घातला: 'वर कोण बसलंय'. निम्मलाच्या ओळीत तो भरताना हात आखडला. टोरंटोत बो बिशेट, मागून पार्कर.

१५ सप्टेंबर, सोमवार

येसाव्हेजच्या ओळीत आज १ लिहिला.

टॅम्पाविरुद्ध पदार्पण, पाच इनिंग, नऊ स्ट्राइकआउट. पदार्पणात एवढे ब्लू जेजच्या कुठल्याही पिचरने घेतले नव्हते. एप्रिलमध्ये याने पहिला व्यावसायिक सामना टाकला तेव्हा स्टेडियममध्ये जेमतेम तीन-साडेतीनशे माणसं होती. एका वर्षात पाच पायऱ्या. लेकीने पाचही आकडे हिरव्या रंगाने रंगवले.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सोमवारचा नियम मोडला. ब्लू जेज वर्ल्ड सिरीजमध्ये, मेजर लीगच्या अंतिम मालिकेत आहेत, समोर लॉस एंजेलिस डॉजर्स, शिस्त कुठली पाळता.

काल पहिला सामना. सहाव्या इनिंगमध्ये बदली फलंदाज म्हणून आमचा अ‍ॅडिसन बार्जर आला आणि ग्रँड स्लॅम, तिन्ही बेस भरलेले असताना होमरन. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात बदली फलंदाजाचा पहिलाच. २०२२मध्ये तोही नॅटवर. आजोबांचा फोन आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. पलीकडून फक्त हसण्याचा आवाज.

३० ऑक्टोबर, गुरुवार

काल लॉस एंजेलिसमध्ये पाचवा सामना. पहिल्याच चेंडूवर होमरन. कोणाचा? अठ्ठाविसाव्या फेरीच्या श्नायडरचा. त्याच्या पाठोपाठ आमच्याच ग्वेरेरोचा. मग येसाव्हेजने सात इनिंग टाकल्या, १२ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये कुठल्याच नवोदिताने एवढे घेतले नव्हते.

मी वही काढून टीव्हीसमोर स्कोअर लिहिला. बारा के. हा मुलगा जूनमध्ये माझ्या तिकिटाच्या चार दिवस आधी गेला होता, ते मी अजून विसरलेले नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

काल सातवा सामना. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद करायचे राहिले होते तेव्हा एका धावेने पुढे होतो. तिथे बरोबरी झाली. अकराव्या इनिंगमध्ये, दोन बाद, डॉजर्सच्या विल स्मिथचा होमरन, ५-४, संपलं. चेंडू टाकत होता शेन बीबर.

४ ऑगस्टची नोंद उघडून वाचली. मी बरोबर ठरले असं कुणी म्हणू शकेल, पण ते खोटं होईल. चौथा सामना याच बीबरने सुरू करून जिंकून दिला होता. तो नसता तर कदाचित सातवा सामनाच झाला नसता. नोंद तशीच ठेवली, खाली आजची तारीख घालून एवढंच लिहिलं.

झोप आली नाहीच. पहाटे साडेतीनला बाबांचा फोन: "पाऊस थांबला, लाव." नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. घड्याळही आजच एक तास मागे गेलेलं, त्यामुळे ही रात्र संपतच नव्हती. लेक पांघरूण घेऊन सोफ्यावर आली. मी सवयीने वही उघडली आणि लक्षात आलं की या पानांवर क्रिकेट मावत नाही. बाबा तिकडे आपल्या स्कोअरबुकात लिहीत होते, मला षटकागणिक आकडे सांगत होते.

साडेदहाच्या सुमारास दक्षिण आफ्रिका सर्व बाद झाली. ५२ धावांनी जिंकलो. कॅमेरा प्रशिक्षकावर गेला. अमोल मुझुमदार. पलीकडून बराच वेळ काहीच आवाज नाही, नुसतं टोपण बंद केल्याचं टक् ऐकू आलं.

मग म्हणाले, "तुझ्या त्या निम्मलाचं पुढच्या वर्षी कुठून सुरू?"

डबल-ए, बहुतेक, म्हटलं. न्यू हॅम्पशायर.

"किती वाजता असतात त्यांचे सामने? आपल्याकडे पहाट होईल ना?"

पहाटे चारच्या आसपास पहिला चेंडू पडतो, सांगितलं. त्यांनी ते कुठेतरी लिहून घेतलं.